अजिंक्य कोण? वाद चाहत्यांचा, हिशेब धंद्याचा

जगातील सर्वश्रेष्ठ हेवीवेट मुष्टियोद्धा कोण, हा वाद फार जुना आहे. अमेरिकेत न्हाव्याच्या दुकानापासून वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांपर्यंत तो पिढ्यान्‌पिढ्या रंगत आला. कोणी जो लुईस यांचे नाव घेतो, कोणी रॉकी मार्सियानो यांचे, तर कोणी माइक टायसन यांचे. आपल्याकडे मात्र उत्तर ठरलेले असते, ते म्हणजे मुहम्मद अली. १९८० च्या जानेवारीत अली भारतात आले होते आणि दिल्लीत त्यांनी आपले मुष्टियोद्धे कौर सिंग यांच्याशी प्रदर्शनीय लढत दिली होती. ती आठवण सांगणारी वडीलधारी मंडळी आजही भेटतात.

हा विषय क्रीडा पानावरचा आहे, तो व्यापाराच्या पानावर कशासाठी, असे वाचक विचारतील. कारण सरळ आहे. अजिंक्य कोण, या वादावरच एक मोठा धंदा उभा आहे. या धंद्यात कसब एकाचे, नाव एकाचे, अंगावर मार घेणारा एक आणि कागदाचा मालक मात्र दुसराच, हा प्रकार वारंवार घडला. मालेगाव-भिवंडीचा मजुरीवर कापड विणणारा मागवाला असो की मुंबईचा जरीकाम करणारा कारागीर असो, हा प्रश्न त्याला परका नाही. म्हणून आधी वाद समजून घेऊ, मग त्यामागचा हिशेब पाहू.

आकड्यांचे माप

चाहते वाद घालतात तेव्हा प्रथम आकडे पुढे करतात. जो लुईस १९३७ ते १९४९ अशी जवळजवळ बारा वर्षे विजेते राहिले आणि त्यांनी किताब २५ वेळा राखला. रॉकी मार्सियानो ४९ लढती लढले, ४९ जिंकले आणि १९५६ साली एकही पराभव न पत्करता निवृत्त झाले. लॅरी होम्स ४८ लढतींपर्यंत अपराजित होते. १९८५ साली मायकल स्पिंक्स यांनी त्यांना रोखले आणि मार्सियानो यांचा आकडा गाठण्याची संधी एका लढतीने हुकली. टायसन १९८६ साली अवघ्या विसाव्या वर्षी विजेते झाले. उलट जॉर्ज फोरमन १९९४ साली ४५ व्या वर्षी पुन्हा विजेते झाले. अलींचा हिशेब ६१ लढती, ५६ विजय व ५ पराभव असा आहे. म्हणजे निव्वळ आकड्यांच्या तराजूत ते मार्सियानो यांच्या खाली येतात.

परंतु कोणताही जाणता व्यापारी गठ्ठे मोजून मालाची किंमत ठरवीत नाही. तो गठ्ठा उघडून पाहतो. लुईस यांच्या २५ लढतींपैकी सात १९४० च्या डिसेंबरपासून १९४१ च्या जूनपर्यंत, म्हणजे दरमहा एक याप्रमाणे झाल्या आणि त्यांतील बहुतेक प्रतिस्पर्धी बेताचेच होते. मार्सियानो यांनी लुईसना हरविले खरे, पण त्या वेळी लुईस ३७ वर्षांचे होते व उतरणीला लागले होते. ज्यांच्याकडून मार्सियानो यांनी किताब घेतला ते जर्सी जो वॉल्कॉट ३८ वर्षांचे होते. अलींच्या खात्यात मात्र सनी लिस्टन, जो फ्रेझर, केन नॉर्टन, जॉर्ज फोरमन अशी एकाहून एक भारी नावे आहेत. शिवाय १९६७ साली व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती होण्यास त्यांनी धर्माच्या आधारे नकार दिला, तेव्हा त्यांचा किताब व परवाना काढून घेण्यात आला. २५ ते २८ ही उमेदीची सुमारे साडेतीन वर्षे त्यांना रिंगणाबाहेर काढावी लागली. १९७१ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांची शिक्षा एकमताने रद्द केली, परंतु गेलेली वर्षे परत आली नाहीत. हा तोटा कोणत्या रकान्यात लिहायचा?

माप स्वतःच बदलत गेले, ही दुसरी अडचण. मार्सियानो यांचे वजन ८५ किलोच्या आसपास होते, तर नव्वदीच्या दशकातील लेनॉक्स लुईस ११० किलोच्या घरात होते. पूर्वी किताबाची लढत १५ फेऱ्यांची असे. १९८२ साली दक्षिण कोरियाचे किम दुक-कू लढतीतील मारामुळे मरण पावले, त्यानंतर १२ फेऱ्यांची पद्धत रूढ झाली. जुना मण आणि नवा क्विंटल एकाच पारड्यात घातल्यासारखी ही तुलना आहे.

अली, फ्रेझर, फोरमन: सरळ गणित चुकते

‘याने त्याला हरविले, त्याने तिसऱ्याला हरविले, म्हणून हा तिसऱ्याहून मोठा,’ असे गणित चाहते नेहमी मांडतात. ते किती फसवे आहे, हे तीन लढतींवरून दिसते.

८ मार्च १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अली व फ्रेझर प्रथम समोरासमोर आले. दोघेही तोपर्यंत अपराजित होते. १५ फेऱ्यांनंतर पंचांनी एकमताने फ्रेझरना विजयी ठरविले. त्याच फ्रेझरना २२ जानेवारी १९७३ रोजी जमैकातील किंग्स्टन येथे फोरमननी दोन फेऱ्यांत सहा वेळा जमिनीवर लोळविले. ज्या केन नॉर्टन यांनी १९७३ साली अलींचा जबडा मोडून त्यांना हरविले होते, त्या नॉर्टननाही फोरमननी १९७४ साली दोनच फेऱ्यांत संपविले. या हिशेबाने फोरमनपुढे अलींचा टिकाव लागणे शक्यच नव्हते. परंतु ३० ऑक्टोबर १९७४ रोजी झाईरच्या किन्शासा शहरात अलींनी दोरांना पाठ टेकून फोरमन यांचे ठोसे झेलले, त्यांना थकविले आणि आठव्या फेरीत खाली पाडले.

फ्रेझर पुढे सरसावत येणारे होते. फोरमन यांच्या दणकट ठोशांपुढे असा माणूस आयताच सापडत असे. अली लांब हातांचे व चपळ होते; त्यांना जवळ येऊन सतत दाबणारा जड जाई, पण ताकदीवर विसंबणारा व लवकर दमणारा सोपा पडे. कसबाला कसब भेटते तेव्हा ‘मोठा-लहान’ असा एकच दर लावता येत नाही. अली व फ्रेझर पुढे आणखी दोनदा लढले, १९७४ साली न्यूयॉर्कला आणि १ ऑक्टोबर १९७५ रोजी मनिला येथे. दोन्ही वेळा अली जिंकले. मनिलात चौदाव्या फेरीनंतर फ्रेझर यांचे मार्गदर्शक एडी फच यांनीच त्यांना पुढे जाऊ दिले नाही. आपल्या माणसाचा जीव किताबाहून मोठा मानणारा हा गुरू खरोखर आदरास पात्र आहे.

वादच विकला गेला

चाहत्यांचा वाद हाच विकण्याजोगा माल आहे, हे मायामीतील रेडिओ निर्माते मरे वोरोनर यांनी फार लवकर ओळखले. १९६७ साली त्यांनी निरनिराळ्या काळांतील हेवीवेट विजेत्यांची माहिती संगणकात भरली आणि त्यांच्या काल्पनिक लढतींची स्पर्धा रेडिओवरून ऐकविली. संगणकाने मार्सियानोंना अंतिम विजेते ठरविले. अलींना मात्र जुन्या जिम जेफ्रीज यांच्याकडून हरविले. अलींनी बदनामीचा दावा ठोकला. तो मिटविताना असे ठरले की अली व निवृत्त मार्सियानो यांची चित्रपटासाठी खोटी लढत चित्रित करावी. १९६९ साली बंद स्टुडिओत दोघांनी लुटुपुटूचे ठोसे मारले. निरनिराळे शेवट चित्रित करण्यात आले, जेणेकरून निकाल त्या दोघांनाही आधी कळू नये. ३१ ऑगस्ट १९६९ रोजी मार्सियानो विमान अपघातात मरण पावले. जानेवारी १९७० मध्ये चित्रपटगृहांतून ही ‘लढत’ तिकीट लावून दाखविण्यात आली. अमेरिकेतील प्रेक्षकांना मार्सियानो तेराव्या फेरीत जिंकताना दिसले. युरोपात मात्र अली जिंकल्याचा शेवटही दाखविला गेल्याचे सांगतात.

गिऱ्हाइकाला जो निकाल आवडेल तो त्याला विकायचा, हा या व्यवहाराचा अर्थ. त्या काळी अलींवर बंदी होती, कमाई थांबलेली होती, म्हणूनच ते या प्रकाराला तयार झाले. हाताला काम नसलेला कारागीर कोणत्या अटी मान्य करतो, हे आपण जाणतोच.

एक किताब, चार पट्टे

वाद मिटला तर धंदा मंदावतो. म्हणून विजेता एकच असावा यात फार थोड्यांना स्वारस्य होते. किताब देणाऱ्या संस्था खासगी आहेत. जागतिक मुष्टियुद्ध संघटना ही सर्वांत जुनी; तिचे मूळ १९२१ चे असून आजचे नाव १९६२ साली पडले. १९६३ साली मेक्सिकोत जागतिक मुष्टियुद्ध परिषद निघाली, १९८३ साली अमेरिकेतील न्यू जर्सीत आंतरराष्ट्रीय मुष्टियुद्ध महासंघ आणि १९८८ साली पोर्टो रिकोत चौथी संस्था स्थापन झाली. प्रत्येकीचा वेगळा पट्टा, वेगळी क्रमवारी. किताबाच्या लढतीतील मोबदल्यातून साधारण तीन टक्क्यांपर्यंत शुल्क संस्था घेते. जितके पट्टे तितक्या ‘जागतिक किताबाच्या’ लढती, आणि जितक्या लढती तितके शुल्क.

याचे परिणाम कसे झाले ते पाहा. फेब्रुवारी १९७८ मध्ये लिऑन स्पिंक्स यांनी अलींना हरविले. परिषदेचा आग्रह होता की त्यांनी आता नॉर्टनशी लढावे. स्पिंक्सनी अलींनाच पुन्हा संधी देण्याचे ठरविले. परिषदेने त्यांचा पट्टा काढून नॉर्टनना दिला. नॉर्टननी हा किताब रिंगणात जिंकलेलाच नव्हता, आणि जूनमध्ये होम्सनी तो त्यांच्याकडून हिसकावला. सप्टेंबरमध्ये अलींनी स्पिंक्सना हरवून तिसऱ्यांदा विजेतेपद मिळविले, ते दुसऱ्या संस्थेचे. एका वर्षात खरा विजेता कोण, हे चाहत्यांना सांगता येईना. १९९२ च्या डिसेंबरात रिडिक बोवे यांनी तर लेनॉक्स लुईस यांच्याशी लढण्याऐवजी परिषदेचा पट्टा लंडनमध्ये पत्रकारांसमोर कचऱ्याच्या डब्यात टाकला; पट्टा लुईसना मिळाला, लढत मात्र कधीच झाली नाही.

क्रमवारीचाही बाजार झाला. महासंघाचे संस्थापक अध्यक्ष रॉबर्ट ली यांच्यावर पैसे घेऊन क्रमवारी ठरविल्याच्या प्रकरणात १९९९ साली खटला भरण्यात आला. २००० साली ज्युरीने त्यांना बऱ्याच आरोपांतून सोडले, परंतु करचुकवेगिरीसह काही आरोपांत दोषी ठरविले आणि त्यांना तुरुंगवास झाला. त्याच सुमारास, मार्च १९९९ मध्ये, लेनॉक्स लुईस व इव्हँडर होलीफील्ड यांची लढत पंचांनी बरोबरीत सोडविली. लुईस यांचे ३४८ ठोसे लागल्याची व होलीफील्ड यांचे १३० लागल्याची नोंद असताना हा निकाल लागल्याने गदारोळ झाला. नोव्हेंबरात लढत पुन्हा झाली आणि लुईस जिंकले. पहिल्या निकालाने एक गोष्ट मात्र साधली होती. तिकिटे दुसऱ्यांदा विकली गेली.

लुईस यांच्यानंतर सर्वमान्य एकच हेवीवेट विजेता मिळण्यास २०२४ साल उजाडावे लागले. त्या वर्षी १८ मे रोजी सौदी अरेबियातील रियाध येथे युक्रेनचे ओलेक्सांद्र उसिक यांनी ब्रिटनचे टायसन फ्युरी यांना हरवून चारही पट्टे एकत्र केले. परंतु फ्युरीशी फेरलढत करारात होती आणि महासंघाला त्याच वेळी दुसऱ्या आव्हानवीराशी लढत हवी होती. जूनमध्येच एक पट्टा उसिकना सोडावा लागला. जुलै २०२५ मध्ये डॅनियल ड्युबॉय यांना हरवून त्यांनी तो पुन्हा मिळविला. पंचवीस वर्षांनी जुळलेली मोट जेमतेम पाच आठवडे टिकली, ती रिंगणातील पराभवाने नव्हे, तर कागदावरील अटींनी सुटली.

मोबदला कोठे जातो?

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. लढतीचा एकूण गल्ला तिकिटे, दूरदर्शन प्रक्षेपण व जाहिराती यांतून जमतो. तो प्रथम प्रवर्तकाच्या, म्हणजे लढत भरविणाऱ्याच्या हाती येतो. तो मुष्टियोद्ध्याला ठरलेली रक्कम देतो. त्या रकमेतून व्यवस्थापकाचा हिस्सा, मार्गदर्शकाचा हिस्सा, संस्थेचे शुल्क, सरावाचा खर्च आणि सरकारी कर जातो. उरेल ते मार खाणाऱ्याचे.

अलींचा पहिला करार त्या मानाने बरा होता. १९६० साली लुईव्हिल शहरातील अकरा धनिकांनी मंडळ करून त्यांना हाताशी धरले. करार करतानाच १० हजार डॉलर दिले, उत्पन्न प्रारंभी निम्मे-निम्मे वाटले जाई आणि १५ टक्के रक्कम भविष्यासाठी बाजूला ठेवण्याची तरतूद होती. १९७१ च्या लढतीत अली व फ्रेझर यांना प्रत्येकी २५ लाख डॉलर मिळाले, त्या काळी न ऐकलेली रक्कम.

नंतर डॉन किंग यांचा काळ आला. किंग्स्टनला ते फ्रेझर यांच्या गाडीतून गेले आणि निकालानंतर फोरमन यांच्या गाडीतून परतले, हा किस्सा ते स्वतःच रंगवून सांगत. १९७४ साली त्यांनी अली व फोरमन यांच्या प्रत्येकी ५० लाख डॉलरच्या करारावर सह्या घेतल्या. तेवढे भांडवल त्यांच्याजवळ नव्हते. जवळ होत्या त्या दोन सह्या. त्या दाखवून त्यांनी झाईरचे सत्ताधीश मोबुटू यांच्या सरकारकडून पैसा उभा केला. सही हेच भांडवल असते, हे त्या सह्या करणाऱ्यांपेक्षा किंग यांना अधिक कळले होते.

या धंद्याचे मुख्य हत्यार म्हणजे ‘पुढील लढतींचा हक्क’. आव्हानवीराला किताबाची संधी हवी असेल तर त्याने आधीच लिहून द्यायचे की, मी जिंकलो तर माझ्या पुढच्या काही लढती याच प्रवर्तकाकडे राहतील. मग कोणीही जिंको, किताब त्याच्याच घरात. चाहते दोघांपैकी कोण श्रेष्ठ यावर भांडत असतात. मालकाला दोन्ही सारखेच.

दुसरे हत्यार म्हणजे दोन्हीकडचा दलाल एकच असणे. टिम विदरस्पून १९८६ साली विजेते असताना त्यांचे प्रवर्तक डॉन किंग होते आणि व्यवस्थापक होते किंग यांचे सावत्र पुत्र कार्ल किंग. लंडनमध्ये फ्रँक ब्रुनो यांना हरविल्यावर विजेत्या विदरस्पून यांच्या हाती सुमारे ९० हजार डॉलर आले. पराभूत ब्रुनोंना सुमारे ९ लाख मिळाले. विदरस्पून यांनी दावा केला आणि १९९२ साली तडजोडीत त्यांना सुमारे दहा लाख डॉलर मिळाले. तोपर्यंत ऐन उमेद सरली होती.

आणि अली? २ ऑक्टोबर १९८० रोजी ३८ वर्षांचे अली होम्स यांच्याशी लढले. शरीर साथ देत नव्हते. दहा फेऱ्यांनंतर मार्गदर्शक अँजेलो डंडी यांनी लढत थांबविली. ठरलेले ८० लाख डॉलर होते. त्यांतील सुमारे ११ लाख ७० हजार डॉलर कमी मिळाले. अलींनी किंगवर दावा लावला. कागद अलींच्या बाजूने होता. परंतु १९८२ साली आजारी अलींपुढे ५० हजार डॉलर रोख ठेवण्यात आले आणि त्यांनी फारखती लिहून दिली. ज्या माणसाने सरकारपुढे मान तुकवली नाही, तो रोख रकमेच्या पुडक्यापुढे वकिलाला न विचारता सही करून बसला. गरज व आजारपण माणसाला किती हतबल करते, याचे हे उदाहरण आहे.

आपले आणखी एक बांधव हसीम रहमान यांची गोष्ट अशीच बोधप्रद आहे. २२ एप्रिल २००१ रोजी दक्षिण आफ्रिकेत त्यांनी लेनॉक्स लुईस यांना एका ठोशात गारद केले. क्षणात ते जगज्जेते झाले, आणि नव्या प्रवर्तकांची रांग लागली. त्यांनी मोठी रक्कम घेऊन किंग यांच्याशी करार केला. परंतु पहिल्या करारात लुईस यांना फेरलढत देण्याची अट होती. लुईस न्यायालयात गेले व न्यायालयाने ती अट मान्य केली. नोव्हेंबरात रहमान चौथ्या फेरीत हरले. अशी अट नवा सौदा करण्यापूर्वी तोलून पाहायची असते, न्यायालयात नव्हे.

शेवटी शिल्लक काय?

श्रेष्ठत्वाचा एक तराजू चाहते क्वचितच वापरतात. तो म्हणजे हातमोजे उतरविल्यानंतरचा ताळेबंद.

जो लुईस यांनी २२ जून १९३८ रोजी जर्मनीचे मॅक्स श्मेलिंग यांना पहिल्याच फेरीत धूळ चारली. महायुद्धात दोन लढतींचा मोबदला त्यांनी नौदल व लष्कराच्या मदतनिधीला दिला. तरीही पुढे कर खात्याची थकबाकी व्याजदंडासह वाढत गेली आणि ती फेडण्यासाठी उतारवयात त्यांना पुन्हा रिंगणात उतरावे लागले. अखेरच्या वर्षांत ते लास व्हेगासच्या एका हॉटेलात पाहुण्यांचे स्वागत करण्याची नोकरी करीत. पराभूत श्मेलिंग यांनी मात्र पन्नाशीच्या दशकात हॅम्बर्ग येथे कोका-कोला बाटलीबंद करण्याचा धंदा घेतला व ते श्रीमंत झाले. १९८१ साली लुईस वारले, तेव्हा त्यांच्या अंत्यसंस्काराच्या खर्चाला श्मेलिंग यांनीच हातभार लावला.

टायसन यांनी कारकिर्दीत ३० कोटींहून अधिक डॉलर कमावले आणि २००३ साली दिवाळे जाहीर केले. डोक्यावर दोन कोटींहून अधिक डॉलरचे देणे होते. २००४ साली किंग यांच्याशी वाद १ कोटी ४० लाख डॉलरवर मिटला, तो पैसा धनकोंच्या देण्यात गेला. होम्स यांनी मात्र आपल्या ईस्टन गावी इमारती व जागा घेतल्या आणि कमाई टिकविली.

सर्वांत वेगळा हिशेब फोरमन यांचा. अलींकडून हरलेला हा माणूस. १९९४ च्या सुमारास मांस भाजण्याच्या एका विद्युत शेगडीला त्यांनी आपले नाव दिले, ते ठोक रकमेवर न देता नफ्यातील हिश्श्यावर. शेगडी घरोघरी गेली. १९९९ साली कंपनीने नाव कायमचे वापरण्यासाठी फोरमन व त्यांच्या भागीदारांना १३ कोटी ७५ लाख डॉलरचा मोबदला दिला. रिंगणात त्यांनी एवढे कधीच मिळविले नव्हते. अलींनीही २००६ साली आपल्या नावाचे व छबीचे ८० टक्के हक्क ५ कोटी डॉलरना विकले. शेवटी सर्वांत महाग माल ठरला तो ठोसा नव्हे, नाव.

कायदा व शरीअत काय सांगतात

या लुबाडणुकीला आळा घालण्यासाठी अमेरिकेने २००० साली कायदा केला, आणि त्याला मुहम्मद अलींचेच नाव दिले. प्रवर्तक व व्यवस्थापक यांचे हितसंबंध एक नसावेत, संधीच्या बदल्यात लिहून घेतलेला पुढील हक्क बारा महिन्यांपलीकडे चालू नये, लढतीतून आपल्याला किती मिळाले हे प्रवर्तकाने मुष्टियोद्ध्याला उघड करावे आणि संस्थांनी क्रमवारीचे निकष व शुल्क जाहीर करावे, अशा त्याच्या मुख्य तरतुदी आहेत.

चेहऱ्यावर प्रहार करण्यास प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मनाई केली आहे, आणि मक्का येथील फिक्ह परिषदेने १९८७ साली आजच्या स्वरूपातील मुष्टियुद्ध नाजायज ठरविले, ही गोष्टही येथे नमूद केली पाहिजे. लढतींवर लागणारी पैज तर उघड जुगार आहे. अलींचे धैर्य आदरणीय आहे, पण डोक्यावर घेतलेल्या ठोशांची किंमत त्यांच्या उत्तर आयुष्याने आपल्या डोळ्यांपुढे ठेवली.

व्यवहाराविषयी मात्र आपल्याकडे चौदाशे वर्षांपासून स्पष्ट आदेश आहे. सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीचा उधार व्यवहार लहान असो वा मोठा, तो लिहून ठेवावा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, ज्याच्यावर देणे आहे त्याने मजकूर सांगावा आणि साक्षीदार घ्यावेत, असे फर्माविले आहे. मजुराचा घाम सुकण्यापूर्वी त्याची मजुरी द्यावी, ही हदीस तर सर्वांना पाठ आहे. मुदारबतमध्ये एकाचे भांडवल व दुसऱ्याचे श्रम असतात. तेथे नफ्याचे प्रमाण आधीच ठरले पाहिजे. फोरमननी नफ्यात हिस्सा मागितला तेव्हा जे साधले, त्याचे तत्त्व आपल्या फिक्हमध्ये फार पूर्वीपासून आहे.

तरीही आपला कारागीर ‘ओळखीचा माणूस आहे, कागद कशाला?’ असे म्हणून विसार घेतो व कामाला लागतो. सूत व्यापाऱ्याचे, दर व्यापाऱ्याचा, तागा नाकारण्याचा अधिकारही व्यापाऱ्याचा. हिशेबाच्या दिवशी किती नग गेले हेही त्याच्याच वहीतून कळते. म्हणून या गोष्टींचा आग्रह धरावा. कराराची प्रत आपल्याला समजणाऱ्या भाषेत आपल्या घरी असावी. आपला रोजमेळ आपण लिहावा. समोरच्याच्या वहीवर विसंबू नये. दोन्हीकडून दलाली घेणाऱ्याला आपला वकील समजू नये. ‘यापुढे सर्व माल मलाच द्यायचा’ अशी अट असेल तर तिची मुदत विचारावी. आजारपणात किंवा नड असताना फारखतीवर सही करू नये; चार दिवस थांबून जाणत्याला दाखवावी. आणि आपल्या मालावर आपले नाव, आपली खूण असावी, कारण हात थकल्यावर तेच कामी येते.

अली मोठे की लुईस, की मार्सियानो, हा वाद चाहते खुशाल घालोत. एकमेकांशी झगडणाऱ्या या साऱ्या विजेत्यांची खरी लढत ज्याच्याशी होती, तो रिंगणात कधी उतरलाच नाही. तो कागद घेऊन बाहेर बसला होता. आपल्या कारखान्याबाहेरही तो बसलेला असू शकतो. त्याच्याशी भांडण नको, वैर नको. फक्त सही करण्यापूर्वी कागद वाचा, आणि वाचता येत नसेल तर घरातील शिकलेल्या मुला-मुलीकडून वाचून घ्या.